न फिटलेली सावड

मराठी साहित्यातली म्हातारी माणसे बहुधा वाट पाहत असतात. 'नटसम्राट'मधले (१९७०) गणपतराव बेलवलकर निवाऱ्यासाठी वणवण करतात. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मधले नाना-नानी दूर गेलेल्या मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. ही दोन्ही नाटके आम्ही वर्गात अनेकदा शिकवली आहेत. शिकवताना मुलांचे डोळे ओले होतात आणि परीक्षेत तीच मुले 'वृद्धांची समस्या' असा मथळा घालून दोन पाने लिहितात. या मथळ्यातली षष्ठी मोठी फसवी आहे. वृद्धांना भेडसावणारी समस्या हा तिचा एक अर्थ, आणि वृद्ध हीच समस्या हा दुसरा. उत्तरपत्रिकांत हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात.

आमच्या खानदेशातल्या गावांकडे पाहिले की हे चित्र अपुरे वाटू लागते. तिथली म्हातारी माणसे थकलेली आहेत, पुष्कळशी एकटीही आहेत, यात शंका नाही. पण त्यांना वाट पाहायला फारशी सवड नाही. गाव चालवण्याचे काम त्यांच्या अंगावर येऊन पडले आहे. त्या कामाला नाव काय द्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. इथे 'आम्ही' म्हणजे दोघे, पतिपत्नी. दोघेही मराठीचे प्राध्यापक, चाळिशी ओलांडलेले, नोकरीनिमित्त धुळे शहरात राहणारे. आमच्यापैकी एकाचे गाव जळगाव जिल्ह्यात, अमळनेर तालुक्यात. एकीचे धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. दोन्ही गावांची नावे इथे महत्त्वाची नाहीत. आजूबाजूच्या गावांत याहून निराळे काही चाललेले नाही.

खानदेशातून बाहेर पडण्याची वाट जुनी आहे. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग विसावे शतक उजाडता उजाडता तयार झाला. जळगावहून निघून धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करीत तो उधन्याला पोहोचतो. आमच्याकडची पोरे याच मार्गाने सुरतेच्या यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत गेली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत आज अहिराणी सहज कानी पडते, आणि श्रावणात तिथेही कानबाई बसते. जी मुले शिकली ती नाशिक-पुण्याकडे गेली. काही आमच्यासारखी जिल्ह्याच्या ठिकाणी खुर्ची मिळवून स्थिरावली. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांचे प्रमाण देशात ८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. राज्यात ते शहरांपेक्षा खेड्यांत अधिक होते. खेड्यांत म्हातारे वाढले त्याहूनही तरुण उणे झाले, असा याचा साधा अर्थ.

अमळनेरकडच्या घरी आमचे आबा राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली. त्यांची सकाळ मारुतीच्या देवळातल्या भोंग्यापाशी सुरू होते. नळाला पाणी कधी येणार, तलाठी कोणत्या दिवशी बसणार, कोणाच्या घरी कोण गेले, हे गावाला तिथून कळते. मग ओट्यावर कागद घेऊन माणसे येऊ लागतात. कोणाला हयातीचा दाखला हवा असतो, कोणाचे श्रावणबाळ योजनेचे पैसे दोन महिने आलेले नसतात. ते महिन्याला १५०० रुपये. २०२३ पूर्वी १००० होते. रक्कम लहान आहे, पण ती अडली की औषध अडते. शिवाय आयुष्यभर निंदणी आणि कापूसवेचणी केलेल्या बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे यंत्राला अंगठा ओळखता येत नाही. ओळख पटवायला मोबाइलवर येणारा आकडा लागतो, आणि तो मोबाइल असतो सुरतेला, मुलाच्या खिशात. मुलगा पाळीवर असतो. आबा तिकडे फोन लावतात, उचलला जाईपर्यंत थांबतात, आकडा लिहून घेतात. एखादीला तालुक्याला न्यावेच लागले तर एसटीने नेतात. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही. त्यामुळे आबांचा हिंडण्याचा हुरूप वाढला आहे आणि आमची काळजीही.

संध्याकाळी ते वाचनालय उघडतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याखालच्या अ, ब, क, ड या उतरंडीत आमच्या गावचे वाचनालय शेवटच्या पायरीवर आहे. अनुदानातून वर्तमानपत्रे, थोडी पुस्तके आणि एका माणसाचे जेमतेम मानधन निघते. तेवढ्यावर तरुण माणूस टिकत नाही, म्हणून किल्ली आबांकडे आहे. वाचायला येतात पाच-सहा म्हातारे आणि पोलीसभरतीची तयारी करणारी चार मुले. त्या मुलांसाठी आबा दिवा उशिरापर्यंत चालू ठेवतात. त्यांतली दोन मागच्या वर्षी निवड होऊन गेली. गावाला अर्थातच आनंद झाला. आता वाचनालय ही गावातून निघून जाण्याची तयारी करण्याची जागा झाली आहे, आणि ती रोज उघडतो तो गावातून न हललेला माणूस.

सर्वांत जड काम मात्र खांद्याचे. गावात कोणी गेले की पूर्वी खांद्याला माणसे अदलून-बदलून मिळत. आता पासष्टीची माणसे सत्तरीच्या माणसाला खांदा देतात. तिरडी बांधणारे, लाकडे मोजून घेणारे, मडके धरणाऱ्याला विधी सांगणारे सगळे त्याच वयाचे. अंत्ययात्रेची वेळ सुरतेची गाडी ठरवते. मुलगा येईपर्यंत बर्फाची व्यवस्था, रात्रभरचे भजन आणि घरच्या बायांजवळ कोणी ना कोणी बसून राहणे, हे सारे न सांगता वाटले जाते. तिसऱ्या दिवशी राख सावडायलाही हीच मंडळी नदीवर जातात. मुलाला पाळी चुकवून राहता येत नाही, तो दहाव्याला पुन्हा येतो.

साक्रीकडच्या घरी आईला आम्ही बाई म्हणतो. बाईंचे काम पुरुषांच्या कामासारखे चावडीवरून दिसत नाही. उन्हाळा लागला की गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया बिबड्या, कुरडया, नागलीचे पापड करायला एकत्र बसतात. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. डबे भरून जातात सुरतेला, पुण्याला, आणि आमच्याकडेही. पलीकडच्या घरातली एक आजी दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिला सकाळी कोण पुसून घेणार, दुपारी कोण भरवणार, रात्री दाराशी कोण निजणार, याची वाटणी बाईंनी आणि आणखी तिघींनी केलेली होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण एकही दिवस चुकला नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी भाऊबंद गावी येतात आणि दोन दिवस घरे भरतात. गाणी मात्र बाईंच्या वयाच्या बायांनाच पाठ आहेत. सुना-नाती मोबाइलवर चित्रण करतात. मागून म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत, पण गाणे उचलून देणारी त्यांच्यात अजून तयार झालेली नाही.

आता या सगळ्याला म्हणायचे काय? शासकीय मराठीत आणि वर्तमानपत्रांत अशा माणसांसाठी 'ज्येष्ठ स्वयंसेवक' असा शब्द येऊ लागला आहे. १ ऑक्टोबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी, तो अधिक ऐकू येतो. आबांना तो लावून पाहिला तर ते हसतात. त्यांच्या लेखी स्वयंसेवक म्हणजे संमेलनात छातीवर बिल्ला लावून पाणी वाटणारा मुलगा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, तिथे त्यांनी असे पुष्कळ पाहिले. 'सेवा' हा शब्दही त्यांना मोठा वाटतो. सेवा देवाची, नाही तर गुरूची. शेजाऱ्याची कसली सेवा? 'श्रमदाना'त दान आहे, म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली. आणि 'वेळ घालवणे' हा आमच्या पिढीचा आवडता शब्द तर सर्वांत अन्यायाचा. रात्रभर मृताच्या घरी बसून राहणारा माणूस वेळ घालवीत नसतो.

मराठीत याहून जुना आणि नेमका शब्द आहे: सावड. शेतकऱ्यांनी मजुरी न देता-घेता आळीपाळीने एकमेकांच्या कामाला जाणे म्हणजे सावड. आज तुम्ही माझ्याकडे, परवा मी तुमच्याकडे. इर्जिक आणि वारंगुळा हे याच कुळातले शब्द. बारकावे निराळे, पण परतफेड गृहीत. सावडीत उपकार नसतो आणि फुकटही काही नसते. केलेले काम समोरच्यावर चढते आणि ते 'फेडावे' लागते. ही फेड पैशाने होत नाही. जितके दिवस तितके दिवस, माणसामागे माणूस.

बाईंच्या गावाला हे कोशात पाहण्याची गरज नव्हती. पांझरेच्या काठची गावे काही शतके फड पद्धतीने शेती करीत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडाला कोणते पीक, हे दर वर्षी फिरते आणि गाव मिळून ठरवते. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला धान्यात. हंगामापूर्वी पाट साफ करायला घरटी माणूस. आमचे चुलत आजोबा पाटकरी होते. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हटले नाही आणि नोकरही म्हटले नाही. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप आले, ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या बांधाआड गेले, आणि पुष्कळ ठिकाणचे फड मोडले. पाण्याबरोबर पाळी ठरवण्याची सवय गेली, ही हानी अधिक मोठी असे आम्हांला वाटते. ती सवय आज ज्यांच्या अंगात उरली आहे, ती माणसे सत्तरीच्या पुढे आहेत. आजारी आजीच्या उशापायथ्याची वाटणी बाईंना इतक्या सहज करता आली, ती उगीच नव्हे.

अर्थात या चित्राला सोनेरी चौकट घालण्याची आमची इच्छा नाही. हातात वेळ आणि पोटाला आधार असला तरच माणसाला दुसऱ्याच्या कामाला जाता येते. आबांना निवृत्तिवेतन आहे. गावाच्या कडेच्या वस्तीतल्या त्यांच्याच वयाच्या बाया अजून रोजाने निंदायला जातात. त्यांच्या म्हातारपणाला 'सक्रिय वार्धक्य' म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. चावडीच्या पारावर कोणी बसावे आणि कोणी उभे राहावे, हे ठरवणारी जात गावातून गेलेली नाही. पूर्वीच्या सावडीतही सगळे समान भागीदार कधीच नव्हते. बलुत्याच्या नावाखाली काहींचे श्रम कायमचे गृहीत धरले गेले, हे विसरून सावडीचे गोडवे गाता येणार नाहीत. बायांच्या कामाचेही तेच. आजारी माणसाला पुसणे-भरवणे त्यांच्याकडेच का येते, याचे उत्तर परंपरेच्या नावावर ढकलून चालणार नाही. आणखी एक. अंगठा न उमटणाऱ्या म्हातारीची सोय आबांनी करावी लागते, याचा अर्थ ज्याने करायची त्याने ती केलेली नाही. आबांसारखी माणसे ही उणीव झाकतात, म्हणून ती दिसत नाही.

मग सावड फक्त मोडतच जाते का? साक्री तालुक्यातच एक निराळे उदाहरण आहे. गुजरातच्या सीमेजवळचे बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे शंभरेक घरांचे गाव. १९९०च्या दशकाच्या आरंभी गावाभोवतीचे जंगल जवळपास संपले होते, पाणी आटले होते आणि पोटासाठी बाहेर जाणे चालू होते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठरवला आणि राखणीची जबाबदारी आपसांत घेतली. सुमारे ११०० एकरांवर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले, भाताखेरीज इतर पिके घेता येऊ लागली आणि स्थलांतर थांबत गेले. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे गेली वीसएक वर्षे वनभाज्यांची पाककृती-स्पर्धा भरते. रानातली कोणती भाजी कधी खुडावी, कोणती दोनदा उकळून पाणी टाकावे, कोणती बाळंतिणीला चालते, हे ज्ञान मुख्यतः वयस्क बायांचे. ते पुढे जाते याचे कारण केवळ स्पर्धा नाही. ऐकणारी सून-नात तिथेच राहते आणि उद्या तिलाच ती भाजी आणायला जायचे असते, हे खरे कारण.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे वाटू नये. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्या जे रचत, ते सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवले, म्हणून १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, ते पुस्तकरूपाने आले. आज त्यांचे नाव आमच्या विद्यापीठाला आहे. ऐकणारे घरातच नसते तर नाव द्यायला आणि अभ्यासक्रमाला लावायला काय उरले असते? माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) गावकरी मिळून तालीम बांधतात. त्या तालमीची कथा सांगताना आम्ही तरुण मास्तराच्या ध्येयवादावर थांबतो. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या शब्दाला वजन नसते तर मास्तरला गावाने उभे तरी केले असते का, हा प्रश्न क्वचित विचारतो. नेमाड्यांच्या 'हिंदू'मधला (२०१०) खंडेराव वडिलांच्या अखेरच्या वेळी खानदेशातल्या आपल्या गावी परततो. त्या परतण्यावर पुष्कळ लिहिले गेले. तो नसताना ते गाव कोण चालवीत होते, याचे धागेही कादंबरीभर विखुरलेले आहेत. ते गोळा करण्याजोगे आहेत.

गेल्या वर्षी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना आम्ही एक काम दिले होते. आपापल्या गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांकडून परस्परसाहाय्याचे शब्द गोळा करून आणायचे. शब्द पुष्कळ आले, काही कोशांत न सापडणारे. चर्चेत एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सावड फेडायची तर माणूस तिथे असावा लागतो ना? मग आपण कशी फेडायची?" वर्गातली जवळजवळ सगळी मुले खेड्यांतून आलेली आणि शहराकडे निघालेली. प्रश्न त्यांचा होता, तसा आमचाही.

कारण सावड या शब्दाने पाहिले की हिशेब उलटा होतो. आबा आणि बाई यांनी समाजावर उपकार चालवलेले नाहीत. ते एका देण्याघेण्यातली आपली बाजू पुरी करीत आहेत, आणि दुसऱ्या बाजूची माणसे सुरतेला, पुण्याला, धुळ्याला जाऊन राहिली आहेत. आमच्या आजोबांना खांदा द्यायला ज्यांचे वडील आले, त्यांना आबा आज खांदा देतात. आबांच्या वेळी कोण येईल, हे त्यांनी कधी विचारले नाही. मंदिराच्या जीर्णोद्धाराला आम्ही पैसे दिले, संगमरवरी पाटीवर आमचे नाव आहे. सावडीत पाटी चालत नाही.

आबांना धुळ्याला आणावे की नाही, यावर आमच्यात एकमत नाही. एकाचे म्हणणे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रात्री-अपरात्री छातीत दुखले तर गावात दवाखाना नाही. लोकांच्या कागदांसाठी आपला माणूस गमवायचा काय? दुसरीचे म्हणणे, इथे तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून दिली की आबा आठ दिवसांत वाट पाहू लागतील: पेपरवाल्याची, आपल्या कॉलेज सुटण्याची, फोनची. दोन्ही म्हणणी खरी आहेत. आबांना विचारले तर ते म्हणतात, "भरती होईपर्यंत थांबा." ही भरती पोरांची, आणि ती दर वर्षी असते.

तूर्त एवढेच ठरले आहे की महिन्यातले दोन शनिवार आणि सुट्ट्यांतले दिवस आमच्यापैकी कोणीतरी तिकडे जाऊन वाचनालय उघडायचे आणि कागदांचे काम पाहायचे. ही फेड नव्हे, फार तर व्याज. आबांच्या आणि बाईंच्या पिढीनंतर किल्ली कोणाकडे, कानबाईचे गाणे कोण उचलणार, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. परंतु 'वृद्धांची समस्या' या मथळ्याखाली त्यांची उत्तरे मिळणार नाहीत, हे आता वर्गात आम्ही स्पष्ट सांगतो. ती निघून गेलेल्यांची समस्या आहे, आणि त्या यादीत आमचे नाव बरेच वर आहे.